फोटोपुरतं घर

३ सप्टेंबर, बुधवार

घर पाडलं. पहिली कुदळ मीच मारली, कारण यांचा हातच उचलेना. पुढची भिंत पावसानं फुगलेलीच होती, दोन घावांत खाली बसली. मागची मात्र हट्टी निघाली, आमच्या कै. सासूबाईंसारखी. दुपारपर्यंत पत्रे, वासे, दार असं सगळं जागेच्या कडेला रचून ठेवलं आणि सामान बाळासाहेबांच्या खोल्यांवर नेलं. बाळासाहेब म्हणजे यांचे चुलतभाऊ, गावचे सरपंच आणि आजपासून आमचे घरमालक.

हे सकाळपर्यंत म्हणत होते, "ऑर्डर हातात येऊ दे की शोभा. घाई काय हाय?" घाई आहे. परवाच ग्रामसेवक भाऊसाहेबांचा फोन. घरकुल मंजूर झालंय, वीस तारखेच्या आत काम सुरू झालेलं दिसलं पाहिजे, नाहीतर नाव मागे पडेल. आणि सोमवारपासून पितृपक्ष! मामंजी कॅलेंडर घेऊनच बसलेले. म्हणाले, "पितरांच्या पंधरवड्यात पाया घातला, तर त्या घरात पितरंच राहायला येत्यात पोरी." यावर हसायला हवं होतं. मी हसले नाही, मलाही ते पटलं. तेव्हा अनंत चतुर्दशीच्या आधी भूमिपूजन, असं तिघांनी मिळून ठरवलं. उगाच उद्या कुणी एकावर ढकलायला नको, म्हणून लिहून ठेवते.

मामंजी दिवसभर रस्त्याच्या पलीकडे दगडावर बसून बघत होते. जेवायला बोलावलं तर म्हणाले, नंतर.

५ सप्टेंबर, शुक्रवार

भूमिपूजन झालं. गुरुजी, नारळ, पाच विटा, पेढे. बा.सा., म्हणजे बाळासाहेब, न बोलावता आले, न सांगता कुदळ हातात घेतली, आणि त्यांच्याबरोबरच्या माणसानं फोटो काढला. संध्याकाळी गावच्या ग्रुपवर: 'सरपंचांच्या प्रयत्नांतून गोरगरिबांना हक्काचं घर.' गोरगरीब म्हणजे त्यांचे सख्खे चुलते. खाली हात जोडलेली चित्रं किती ती!

मी पण अंगठा टाकला. भाडेकरू आहे बाई मी.

११ सप्टेंबर, गुरुवार

खोली नं. ७. एक दार, एक खिडकी, वर स्लॅब, पाच खोल्यांत मिळून एक नळ. ज्या रानात या खोल्या आहेत ते रान मामंजींच्या वाटणीचं होतं. नणंदेच्या लग्नाच्या खर्चापायी बा.सां.च्या वडिलांना दिलं. बाकीचं एमआयडीसीत गेलं, त्याचे पैसे आले आणि कुठे गेले ते विचारू नये. म्हणजे आता मामंजी स्वतःच्या रानात भाड्यानं राहतात. मी हे त्यांना बोलले नाही. त्यांना मोजणी माझ्याहून चांगली येते.

शेजारच्या खोलीत सुमन, परभणीची. नवरा चाकणला कारखान्यात, प्रेसशॉपमध्ये. सकाळी नळावर मी तोंड वळवून डोळे पुसत होते, तर म्हणाली, "ताई, रडायलाव कामून?" म्हटलं, घर पाडलं. तर म्हणते, "माझं घर परभणीला हाय, म्हणून मी हितं भाड्यानं. तुमचं तर गावच हे. तुम्ही हितं काय करायलाव?"

आणखी एक. आमच्या मोकळ्या जागेवर आज खडी आणि दगड उतरले. गावाच्या तोंडाशी, आमच्या जागेला लागून, मोठी कमान होणार आहे, एमआयडीसीतली एक कंपनी पैसे देणार आहे. बा.सा. म्हणाले, "चार दिवस राहू द्या वहिनी, जागा तुमची रिकामीच हाय." रिकामीच.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पंचायत समितीकडून मोबाईलवाला आला. तरणा माणूस, कंत्राटी, हेल्मेट काखेत. ॲपमध्ये फोटो टाकायचे म्हणाला. मी त्याला जागेवर नेलं, पूजेपुरता खणलेला पाया दाखवला, पूजेच्या विटा दाखवल्या.

"हे नंतरचं झालं ताई. आधी सध्याच्या घराचा फोटो. कच्च्या घराचा."

"ते पाडलं."

"पाडलं? कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर मी त्याला काय देणार, पितृपक्ष म्हणून? दिलं. त्यानं कपाळाला हात लावला. मग सध्या राहता कुठे, म्हणाला. खोलीवर नेलं. तो वर स्लॅबकडे बघत राहिला.

"हे तर पक्कं आहे."

"भाड्याचं आहे."

"ॲपला भाडं कळत नाही ताई. भिंत विटांची का, हो. छप्पर स्लॅबचं का, हो. झालं, पक्कं घर."

म्हटलं, मग घरच नाही असं लिहा की. तर म्हणाला, तसा रकाना आहे, पण मग उघड्यावर राहतानाचा फोटो लागेल. मामंजी खाटेवरून ऐकत होते. विचारलं, "उघड्यावर म्हंजी कुठं बसू, साहेब?" तो बिचारा ओशाळला, पाणी पिऊन गेला. नाव अजून कापलेलं नाही, थांबवलंय म्हणाला.

घर होतं तेव्हा घर मिळणार होतं. आता नाही, म्हणून मिळणार नाही. हे वाक्य मी दिवसभर मनात उलटसुलट करून पाहिलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

ग्रा.पं.त गेले. भाऊसाहेब चहा पीत होते. म्हणाले, "मी काम सुरू करा म्हणालो, ते फोटो झाल्यावर. फोटोचं तुम्हाला माहीत असेल असं वाटलं." म्हटलं, मला कुठून माहीत असणार? तर म्हणाले, सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे सगळ्यांना माहीत असतं ते एकट्या आम्हालाच नव्हतं. मी भांडले. तिथल्या शिपायानंसुद्धा पंखा बंद करून ऐकलं. शेवटी भाऊसाहेबांनीच बारीक आवाजात युक्ती सांगितली: जुने पत्रे आहेत ना? त्याच जागेवर एक खोपट उभं करा. फोटोपुरतं.

घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, चालेल. मामंजी म्हणाले, पितृपक्ष संपू दे.

तेव्हा मात्र मी हसले. बराच वेळ हसत होते. सुमन दारात येऊन बघून गेली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा आणि ग्रामसभा एकाच दिवशी. कंपनीचा साहेब आलेला, निळा शर्ट, गळ्यात कार्ड, गोड बोलणारा. गावासाठी यंदाचा निधी कशावर खर्च करायचा, तुम्हीच सांगा म्हणाला. बा.सां.नी लगेच कमानीचं चित्र उघडलं. दोन हत्ती, वर कळस, कंपनीचं नाव, खाली गावाचं.

मी उठले. म्हटलं, गावात पत्र्याखाली राहणारी घरं आहेत, पावसात चुलीवर छत्री धरणारी माणसं आहेत. निधी गावाचा आहे ना? मग आधी घरं बांधा. हत्ती नंतर.

बायका माझ्याकडे बघायला लागल्या, एकदोघी मान हलवायला. साहेब वहीत लिहायलाही लागला. तेवढ्यात बा.सा. उठले, अगदी प्रेमानं. "वहिनी, घरकुल शासनाचं काम हाय. त्यात कंपनीनं हात घातला तर शासन हात काढून घेईल. आन् कंपनीनं दिलेलं रस्त्यावरनं दिसाया पायजे, व्हय का न्हाई साहेब?" साहेब हसला. मग बा.सा. म्हणाले, कमानीसाठी हात वर करा.

हात वर झाले. यांचाही झाला. खांद्याएवढाच, पण झाला.

हे त्याच कंपनीत ठेकेदाराकडे आहेत, बा.सां.च्या खोलीत राहतात. मला सगळं समजतं. तरी आज आपट्याचं पान मी त्यांना दिलं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

खोपट उभं केलं. खडीच्या ढिगाला वळसा घालून, मागच्या अंगाला. चार वासे, जुने पत्रे, दाराला गोणपाट. हे आणि मी चार दिवसांनी एकमेकांशी बोललो, तेही "पत्रा धर" आणि "धरलाय" एवढंच. उभं राहिल्यावर लांबून बघितलं तर आमच्या मूळ घरासारखंच दिसत होतं, जरा गरीब. गरिबी दाखवायला एवढी मेहनत लागते हे मला ठाऊक नव्हतं.

मामंजी काठी टेकत आले, आत वाकून बघितलं आणि माघारी गेले. आम्हाला वाटलं, आवडलं नाही. थोड्या वेळानं पाहते तर काखेत वाकळ, हातात तांब्या.

"हे काय मामंजी? हे फोटोपुरतं आहे."

"फोटोत मानूस लागल ना? मग मी मानूस हाय."

समजावलं, हे ओरडले, काही उपयोग नाही. म्हणाले, त्या खोलीत भिंतीला पाठ लावली तर भावाच्या पोराची भिंत वाटती, हितं झोप लागती. आता झोप लागते म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला काय बोलायचं?

१२ ऑक्टोबर, रविवार

जेवण रस्त्यापलीकडे नेऊन देते. मामंजी मजेत आहेत, हे लिहितानाही राग येतो. दारापुढे झाडून सडा घालून घेतात, माझ्याकडून. येणारेजाणारे थांबतात, तमाखू मळतात. कमानीचे खांब वर चाललेत, गवंडी दुपारी खोपटाच्याच सावलीला बसतात.

मोबाईलवाल्याला फोन केला. दिवाळीनंतर म्हणाला. साईट बंद आहे.

माझ्या भावाचा चिखलीहून फोन, म्हाताऱ्याला आमच्याकडे पाठवा, जागा आहे. विचारलं. मामंजी म्हणाले, "सुनेच्या माहेरी मरू व्हय?" विषय संपला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

बा.सा. खोलीवर आले. पाडव्याला कमानीचं उद्घाटन, कंपनीचे मोठे साहेब येणार. खोपट अगदी कमानीच्या तोंडाशी येतंय. "एक दिवस काढून ठेवा माधवा. दुसऱ्या दिवशी माझी पोरं पुन्हा हुबं करून देत्याल."

माधव म्हणजे हे. मी म्हटलं, आत तुमचे चुलते राहतात.

"म्हनून तर म्हनतो वहिनी. बरं दिसतं का ते? लोक माझ्या तोंडात शेण घालतील, सरपंचाचा चुलता खोपटात म्हनून."

चुलता खोपटात राहतो याची लाज नाही, दिसतो याची आहे. हे मी मनात नाही, तोंडावर बोलले. खोली रिकामी करावी लागली तरी चालेल असं ठरवून बोलले. बा.सां.चा चेहरा उतरला. आणि मग हे बोलले, पहिल्यांदाच, खाली बघत: "खोपट निघायचं न्हाई दादा."

एवढंच. पण मी आत जाऊन यांच्या चहात साखर जास्त घातली.

शेवटी असं ठरलं की खोपट राहील, पुढून मोठा फ्लेक्स बांधून झाकायचं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

उद्घाटन झालं. ढोलताशे, फेटे, हत्तींना झेंडूच्या माळा. फ्लेक्सवर एका बाजूला कंपनीचं नाव, दुसऱ्या बाजूला बा.सां.चा फोटो, मध्ये हिरव्या झाडांतलं लाल कौलारू घर. 'समृद्ध गाव, सुखी कुटुंब.' त्याच्या मागे आमचं खोपट आणि खोपटात मामंजी. त्यांना सांगितलं होतं, तासभर खोकू नका. सांगितलं मीच. मला स्वतःची शिसारी आली.

मोठे साहेब भाषणात म्हणाले, आम्ही नुसते कारखाने उभारत नाही, माणसं उभारतो. टाळ्या. बरोब्बर तेव्हा मागून खोकला. लांबलचक, पोटातून आलेला. साहेब थांबले, फ्लेक्सकडे बघितलं. बा.सां.नी ढोलवाल्यांना खूण केली.

सगळ्यांना मिठाईचा पुडा मिळाला. मामंजींचा मी नेऊन दिला. "काय म्हनला सायेब?" म्हटलं, माणसं उभारतो म्हणाले. मामंजींना हसू आवरेना, पुन्हा खोकल्याची उबळ आली.

२६ ऑक्टोबर, रविवार

अवकाळी. सकाळपासून धो धो. खोपट तीन जागी गळतंय, वाकळ भिजली. मामंजी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, आणि तरी म्हणतात, खोलीत येत नाही. मी फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. सुमन धावत आली, तिनं एक टोक धरलं, मी एक, आणि फ्लेक्स सरळ छपरावर ओढला, कडेला दगड ठेवले. थेंब आत येईना. एवढं चांगलं छप्पर आमच्या जुन्या घरालाही नव्हतं. बा.सां.चं हसरं तोंड आभाळाकडे, आणि त्यावर पाऊस.

सुमन म्हणाली, "सरपंच पहिल्यांदा कामाला आले बघा ताई." दोघी भिजत हसलो.

३० ऑक्टोबर, गुरुवार

मोबाईलवाला आला! फोटो निघाला! मामंजी दारात उभे राहिले, टोपी सरळ करून. तो म्हणाला, बाबा हसू नका, गंभीर राहा. खोपट समोरून, बाजूनं, आतून. जागेचा वेगळा. "झालं ताई, आता वरून तपासणी, मग हप्ता." मी त्याला दिवाळीच्या उरलेल्या चकल्या बांधून दिल्या.

हे शिफ्टवरून आले तर दारातच सांगितलं. मग तिघांनी खोपटात बसून चहा घेतला. चूल कुठे करायची यावर मी आणि मामंजी भांडलोसुद्धा. बरं वाटलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

भाऊसाहेबांनी बोलावून घेतलं. शेरा आलाय. 'लाभार्थ्यास अन्य योजनेतून निवारा प्राप्त झाल्याचे दिसते.'

मला कळेचना. त्यांनी फोटो मोठा करून दाखवला. छपरावर कंपनीचं नाव, एवढ्ढं. वर तपासणाऱ्याला वाटलं, कंपनीनं घर बांधून दिलं. पुण्यात बसलेल्या माणसाचं काय चुकलं? घरावर नाव कंपनीचं, फोटो सरपंचांचा, खाली लिहिलेलं सुखी कुटुंब.

"भाऊसाहेब, ते छप्पर नाही हो, फ्लेक्स आहे. गळतं म्हणून टाकलाय."

"मला माहिताय ताई. मी रोज बघतो. पण फोटोत तसं दिसत नाही."

नवा फोटो घ्यायला सांगितलंय, फ्लेक्सशिवाय. त्यांनी वर विनंती केलीय, ही शेवटची संधी. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आवाजावरून कळत होतं. त्यामुळे मला भांडताही येईना. येताना कमानीखालून आले, दुसरा रस्ताच नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मामंजींना ताप. चाकणला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ साठलाय, ओल लागू देऊ नका, कोरड्यात ठेवा. यांनी परत येताना रिक्षा सरळ खोलीकडे वळवली. मामंजी रिक्षातून उतरेनात. "मी खोलीत दिसलो आन् कुनी फोटू काढला तर? पुन्हा पक्कं म्हनत्याल." तापातही त्यांना ॲप आठवतं.

हे रिक्षात त्यांच्याशेजारी बसूनच रडले. लग्नानंतर दुसऱ्यांदा पाहिलं.

खोपटात नेलं. खाली फळ्या टाकल्या, गोणपाटावर प्लास्टिक लावलं. फ्लेक्स अजून वर आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी मोबाईलवाल्याचा फोन. सोमवारी येतो, बहुतेक. येताना कळवेनच असं नाही, इकडून जाताना थांबेन. फ्लेक्स तेवढा काढून ठेवा ताई, आणि छपरावर त्याचा एक तुकडाही राहायला नको.

दुपारी आभाळ भरून आलं. मी शिडी लावून वर चढले आणि तशीच थांबले. खालून मामंजींचा आवाज: "काढ गं. भिजलो तर फोटूत जरा बरा दिसंन." त्यांनी थट्टा केली. मला हसू आलं नाही. एकेक दगड काढला, फ्लेक्स खाली ओढला, घडी केली.

आता पाऊस सुरू झालाय. मी खोलीच्या दारात बसून लिहितेय, घडी पायाशी आहे. हे शिडी खांद्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला उभे आहेत आणि माझ्याकडे बघतायत, घालू का पुन्हा, म्हणून. पलीकडून खोकला ऐकू येतोय. सोमवार म्हणाला खरा, पण मनात आलं तर तो उद्याही येईल.